पहिल्यांदा कुत्रा पाळताय? त्याच्या खाण्याचा हिशोब असा लावा

कुत्र्याच्या खाण्यावर महिन्याला किती जातात असं मुंबईत चार जणांना विचारा, एक जण हजार सांगेल, दुसरा सात हजार, आणि गंमत म्हणजे हजारवाल्याचा कुत्रा टुणटुणीत असू शकतो आणि सात हजारवाल्याचा सोफ्यावरून उतरतानाच धापा टाकणारा. कारण पैसे नक्की कशावर जातायत हे बहुतेकांनी बघितलेलंच नसतं. कोणी पिशवीवरच्या हस्कीचा फोटो बघून घेतो, कोणी दुकानदार म्हणाला म्हणून, कोणी समोरच्या काकू त्यांच्या लॅबला तेच घालतात म्हणून.

तर हे नवीन लोकांसाठी, ज्यांनी आत्ताच पिल्लू आणलंय किंवा गल्लीतला देशी घरात घेतलाय आणि एकाच पगारात भाडं, लोकलचा पास आणि ह्याचं खाणं सगळं बसवायचंय. माझं म्हणणं एवढंच की किलोचा भाव बघून काहीही कळत नाही. आपल्या कुत्र्याला एका दिवसाला पुरेल एवढ्या खाण्याला किती पडतात ते काढायचं आणि त्यावर ठरवायचं. थोडी आकडेमोड आहे, पण पाचवीतल्या पोराला जमेल एवढीच.

पहिलं काम: वजन

घरातला माणसांचा वजनकाटा चालतो. आधी तुम्ही एकटे उभे राहा, मग त्याला उचलून उभे राहा, वजाबाकी करा, झालं. उचलता येत नसेल तर वेटकडे, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरकडे, जमिनीलगतचा मोठा काटा असतो, नुसतं वजन करायला बहुतेक ठिकाणी पैसे घेत नाहीत, फक्त गर्दीच्या वेळी जाऊ नका.

नुसता आकडा पुरत नाही, हातपण फिरवून बघा. स्वतःची मूठ वळा आणि दुसऱ्या हाताची बोटं मुठीच्या उंचवट्यांवरून फिरवा, कुत्र्याच्या बरगड्या अशा लागत असतील तर तो बारीक आहे. मग हात सरळ पालथा ठेवून बोटांच्या मागच्या बाजूवरून फिरवा, हाडं कळतात पण वर पातळ थर आहे, असं लागलं तर उत्तम. आणि तळहाताच्या गादीसारखं लागलं, म्हणजे बरगड्या शोधाव्या लागतायत, तर तो जाडा आहे, मग घरातले कितीही म्हणोत की अहो त्याचे केसच दाट आहेत. उभा असताना वरून बघितलं तर कंबर दिसायला हवी. मुंबईत फ्लॅटमधल्या लॅब आणि बीगलची कंबर मी फार क्वचित बघितलीये.

दुसरं: त्याला दिवसाला किती कॅलरी लागतात

वजनाला ३० ने गुणा, त्यात ७० मिळवा. हा झाला नुसतं पडून राहायला लागणारा आकडा. २ किलो ते ४५ किलोपर्यंतच्या कुत्र्यांना हे बऱ्यापैकी जवळ जातं. मोठा झालेला, नसबंदी झालेला, रोज दोन वेळा फिरणारा कुत्रा असेल तर ह्या आकड्याला १.६ ने गुणा. दिवसभर एसीत झोपून संध्याकाळी लिफ्टने खाली जाऊन एक चक्कर मारणारा असेल तर १.४ बास. चार महिन्यांच्या आतलं पिल्लू असेल तर ३ ने आणि त्यानंतर पूर्ण वाढ होईपर्यंत २ ने.

उदाहरण १० किलोचंच घेते, हिशोब सोपा जातो. १० गुणिले ३० म्हणजे ३००, अधिक ७०, ३७०. गुणिले १.६, साधारण ५९०. आपण ६०० धरू. ही सुरुवात आहे बरं का, अगदी तंतोतंत एवढंच असं काही नाही, एकाच वजनाच्या दोन कुत्र्यांमधे सहज फरक पडतो, म्हणून दर महिन्याला वजन आणि बरगड्या बघायच्या आणि थोडं वरखाली करायचं. पिशवीवर जो तक्ता असतो ना, एवढ्या किलोला एवढे ग्रॅम, तो पण अंदाजच असतो आणि घरात बसणाऱ्या कुत्र्याला बऱ्याचदा जास्तच होतो.

तिसरं: पिशवी उलटी करा

पुढचा भाग जाहिरात आहे, तो वाचूच नका. रिअल चिकन, सुपर शाईन, इम्युनिटी, सगळं पुढे. कामाचं सगळं मागे, इतक्या बारीक अक्षरात की मोबाईलने फोटो काढून झूम करावा लागतो, लाज वाटून घेऊ नका, दुकानात उभं राहून खुशाल काढा.

सगळ्यात आधी शोधायचं 'कम्प्लीट अँड बॅलन्स्ड' असं लिहिलंय का. म्हणजे दुसरं काहीही न घालता फक्त हेच दिलं तरी चालेल असा कंपनीचा दावा. 'कॉम्प्लिमेंटरी' किंवा 'ट्रीट' लिहिलं असेल तर ते जेवण नाही, तोंडी लावणं आहे. ग्रेव्हीचे बरेच पाऊच ह्या दुसऱ्या प्रकारात येतात आणि लोक ते जेवण म्हणून घालत बसतात.

मग वय. पपी, ॲडल्ट, सीनियर. पिल्लाला ॲडल्टचं नका घालू. अमेरिकेत आफ्को (AAFCO) नावाची संघटना पेट फूडच्या पोषणाचे निकष ठरवते आणि आपल्याकडच्याही बऱ्याच पिशव्यांवर तिचं नाव असतं, तिच्या हिशोबाने मोठ्या कुत्र्याच्या खाण्यात पाणी वगळून कमीत कमी १८ टक्के प्रोटीन हवं आणि वाढत्या पिल्लाच्या २२.५ टक्के. फॅट मोठ्याला कमीत कमी ५.५ आणि पिल्लाला ८.५ टक्के.

'पाणी वगळून' हे महत्त्वाचं, कारण इथेच सगळे फसतात. पिशवीतल्या कोरड्या दाण्यांत पाणी साधारण १० टक्के असतं, ओल्या पाऊचमधे ७५ ते ८० टक्के. पाऊचवर प्रोटीन ८ टक्के लिहिलंय आणि पिशवीवर २२, म्हणजे पिशवी भारी असं नाही. ८ ला २० ने भागा कारण ८० टक्के पाणी आहे, ४० टक्के आलं. पिशवीचे २२ भागिले ९०, साधारण २४.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पहिल्या दोन-तीन नावांत चिकन, चिकन मील, फिश मील, अंडं असं काहीतरी प्राण्याचं असावं. मील ह्या शब्दाला घाबरू नका, ते वाळवून दळलेलं मांसच असतं, उलट नुसतं 'चिकन' लिहिलेलं असतं तेव्हा त्यात पाणी धरून वजन केलेलं असतं त्यामुळे ते यादीत वर दिसतं. मका, तांदूळ, गहू असणं वाईट नाही, कुत्र्याला शिजलेलं धान्य व्यवस्थित पचतं. यादीत मांसाचं नावच नाही, फक्त 'चिकन फ्लेवर' आहे, असं असेल तर सोडा.

ग्रेन फ्रीचं खूळ मात्र घेऊ नका. दुकानात ते सगळ्यात महाग असतं आणि धान्याची ॲलर्जी नसलेल्या कुत्र्याला त्याचा काही फायदा नाही. २०१८ साली अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनाने, अशा खाण्याचा, खासकरून वाटाणे-मसूर भरपूर असलेल्या खाण्याचा, हृदयाच्या एका आजाराशी संबंध आहे का ह्याची चौकशी जाहीर केली होती, पुढे कारण म्हणून तो सिद्ध झाला असं काही निघालं नाही, पण जास्त पैसे देऊन डोक्याला शंका कशाला लावून घ्यायची.

चौथं: आता पैसे

पिशवीवर कुठेतरी मेटाबोलायझेबल एनर्जी किंवा किलोला किती किलोकॅलरी असं लिहिलेलं असतं, आपण जिला कॅलरी म्हणतोय ती हीच किलोकॅलरी. नसेल तर स्वतः काढता येतं. १०० मधून प्रोटीन, फॅट, फायबर, मॉइश्चर (पाणी) आणि ॲश (खनिजं) वजा करा, उरलं ते कार्ब. ॲश लिहिली नसेल तर ८ धरा. मग प्रोटीन गुणिले ३.५, फॅट गुणिले ८.५, कार्ब गुणिले ३.५, तिन्हीची बेरीज, १०० ग्रॅमच्या कॅलरी आल्या. समजा प्रोटीन २२, फॅट १०, फायबर ४, मॉइश्चर १०, ॲश ८. कार्ब राहिले ४६. ७७ अधिक ८५ अधिक १६१, म्हणजे ३२३. किलोला साधारण ३२००.

आता समजा एक पिशवी पडते २४० रुपये किलो आणि तिच्यात ३२०० कॅलरी आहेत, आणि दुसरी ३२० रुपये किलो पण ४००० कॅलरीवाली. दुकानात उभं राहून कोणीही पहिलीच उचलेल. पण आपल्या १० किलोवाल्याला ६०० कॅलरी द्यायला पहिलीचं जवळजवळ १८८ ग्रॅम लागतं, म्हणजे ४५ रुपये. दुसरीचं १५० ग्रॅम, ४८ रुपये. किलोमागे ८० रुपयांचा फरक होता तो दिवसाला तीन रुपयांवर आला, आणि दुसरीतलं प्रोटीन चांगलं असेल तर हगणंपण कमी, हो, हे लिहायला हवं कारण रोज सकाळी कागद घेऊन खाली वाकणारे तुम्हीच आहात. ही रक्कम मी समजा म्हणून धरलीये, दुकानात गेलात की खरे भाव टाकून हाच हिशोब करा.

पाऊचचंही असंच करून बघा. ७०-८० ग्रॅमच्या ग्रेव्ही पाऊचमधे साधारण ६० ते ८० कॅलरी असतात. म्हणजे १० किलोच्या कुत्र्याचं पोट फक्त पाऊचवर भरायचं तर दिवसाला आठ-दहा लागतील. पाऊचची किंमत तुम्हाला माहितीये, गुणाकार तुम्हीच करा. चव म्हणून अर्धा मिसळला तर ठीक.

आता एमआरपीशेजारी युनिट सेल प्राइस छापलेली असते, ग्रॅमला किंवा किलोला किती पडतं ते, त्यामुळे ३ किलोची पिशवी आणि १५ किलोची पिशवी ह्यांची तुलना लगेच होते. मोठी पिशवी स्वस्त पडते हे खरं. पण १० किलोचा कुत्रा १५ किलोची पिशवी तीन महिने खातो आणि फोडलेली पिशवी महिना-दीड महिन्यात संपायला हवी, त्यातून आपली मुंबईची हवा. दोन-तीन कुत्रेवाले मिळून एक पिशवी घेतलीत आणि फोडल्या दिवशीच वाटून घेतलीत तर बेस्ट. आमच्या बिल्डिंगमधे तेच चालतं, तिसऱ्या मजल्यावर पिशवी फुटते आणि ज्याचा त्याचा डबा भरून जातो.

दुकानात ड्रममधून सुट्टं मिळतं ते घेऊ नका. स्वस्त असतं, मान्य, पण कधी फोडलं, एक्सपायरी काय, काहीच कळत नाही, आणि दमटपणाने धान्याला बुरशी धरली की तिच्यातून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष होतं जे लिव्हर खलास करतं आणि वासाने किंवा बघून दरवेळी कळतही नाही.

पाचवं: घरचं जेवण, आणि ते खरंच स्वस्त आहे का

इथे लोक हळवे होतात. घरचं म्हणजे चांगलंच, असं नसतं. २०१३ मधे कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठातल्या लोकांनी कुत्र्यांच्या घरगुती जेवणाच्या २०० रेसिपी तपासल्या, पुस्तकातल्या, वेबसाइटवरच्या, वेट लोकांनी लिहिलेल्यापण, आणि त्यातल्या ९५ टक्के रेसिपींमधे निदान एक तरी गरजेचा घटक कमी निघाला. आणि त्या विचार करून लिहिलेल्या होत्या. आपण तर कालचा भात आणि चिकनचं पाणी घालतो.

पोळी-दूध घालून कुत्रा मोठा करणाऱ्या काकूंचं काय, असं विचाराल. एक तर बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नाही, पोट बिघडतं, दही चालतं. आणि त्यांचा टॉमी दिवसभर खाली मोकळा फिरून चिकनवाल्याकडे, कचऱ्यात, कुठे कुठे काय काय खाऊन यायचा ते काकूंना कुठे दिसायचं.

तरी घरचं करायचंच असेल तर १० किलोच्या मोठ्या कुत्र्याचा एक दिवस असा बसतो: बोनलेस चिकन २०० ग्रॅम, कच्चं वजन. तांदूळ ६० ग्रॅम, कोरडे. एक अंडं. लाल भोपळा, गाजर, फरसबी, दुधी, जे स्वस्त असेल ते ७०-८० ग्रॅम. वरून एक छोटा चमचा तेल. हे साधारण ५९० कॅलरी होतं. कुकरला लावायचं, भाजी बारीक चिरून, मीठ मसाला काही नाही, फोडणी तर नाहीच नाही.

पण ह्यात कॅल्शियम जवळजवळ नाही. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नाममात्र, ते वर्षानुवर्षं चाललं की शरीर हाडांतून काढून घेतं, आणि पिल्लांचे तर पायच वाकतात. अंड्याचं टरफल उकळून, उन्हात कडक वाळवून, मिक्सरमधे अगदी पिठासारखं करा. एका टरफलात साधारण २ ग्रॅम कॅल्शियम असतं, वरच्या जेवणाला अर्ध्या टरफलाहून थोडी कमी पूड पुरते. हे मोठ्या कुत्र्याचं. पिल्लाला, खासकरून लॅब, जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन अशा मोठ्या जातीच्या पिल्लाला, अंदाजाने कॅल्शियम देऊ नका, जास्त झालं तरी हाडं बिघडतात. पपी फूड खाणाऱ्या पिल्लाला वरून कॅल्शियमचं सिरप लागत नाही, काउंटरवर सवयीने पुढे केलं तरी नको म्हणा.

कॅल्शियमशिवाय झिंक, आयोडीन, व्हिटॅमिन डी आणि ई राहतातच. म्हणून पूर्ण घरचं घालणार असाल तर वेटकडून ठरवून घेतलेली व्हिटॅमिन-मिनरलची पावडर त्यात धरा आणि तिचा खर्चपण धरा, मग बघा स्वस्त पडतंय का. मटण-चिकनच्या आजच्या भावाला २५-३० किलोच्या लॅबला पूर्ण घरचं घालणं मधल्या रेंजच्या पिशवीपेक्षा बऱ्याचदा महाग जातं. छोट्या कुत्र्याला जमून जातं.

चिकनच्या दुकानात पैसे कसे वाचवायचे ते सांगते. बऱ्याच दुकानांत कुत्र्यासाठी म्हणून वेगळा वाटा असतो, कटिंगमधलं उरलेलं, मान, पाय, कातडी, पेटा (गिझर्ड) सगळं एकत्र, फार स्वस्त. ते डोळे झाकून घेऊ नका, त्यात कातडी आणि चरबीच जास्त असते आणि कधीचं आहे ते त्यालाच माहीत. त्यापेक्षा सकाळी जा आणि 'भाई, आज का ताजा पेटा देना, साफ करके' म्हणा. पेटा म्हणजे नुसता मसल, चरबी कमी, प्रोटीन भरपूर आणि बोनलेसपेक्षा बराच स्वस्त. अर्धं बोनलेस अर्धा पेटा केलंत तरी बिल खाली येतं. कलेजी पण चांगली, पण थोडी, एकूण खाण्याच्या पाच टक्क्यांच्या वर नको, कारण व्हिटॅमिन ए चा साठा होतो. १० किलोवाल्याला आठवड्यातून दोनदा एखादा छोटा तुकडा खूप झाला.

अंडं हा सगळ्यात सोपा उपाय आहे. दोन अंड्यांत जवळजवळ १२ ग्रॅम प्रोटीन, म्हणजे ५०-६० ग्रॅम चिकन कमी करता येतं. उकडून द्या. श्रावणात चिकनचे भाव उतरतात तेव्हा फ्रीझरमधे भरून ठेवा. मासे आवडत असतील तर बांगडा किंवा तारली वाफवून, काटे काढून, तारलीत ओमेगा-३ छान असतं आणि सीझनला स्वस्तही, पण जून-जुलैमधे मासेमारी बंद असते तेव्हा त्या नादाला लागू नका. खारवलेली सुकी मासळी नको, मीठ फार. कच्चं चिकन घालायची जी फॅशन आलीये ती मला तरी मुंबईच्या उन्हाळ्यात पटत नाही, त्यातले साल्मोनेलाचे जंतू कुत्र्याला एक वेळ काही करणार नाहीत पण घरात आजी आणि रांगणारं पोर असेल तर त्यांना करतील.

व्हेज घर असेल, किंवा घरमालकाची अट असेल की किचनमधे नॉनव्हेज शिजवायचं नाही, तरी कुत्रा पाळता येतो. कुत्र्याला अगदी मांसच लागतं असं नाही, मांजरीला लागतं, तिच्याबाबतीत हा प्रयोग करूच नका. पण घरी वरण-भात घालून व्हेज कुत्रा नीट वाढत नाही. कम्प्लीट लिहिलेलं व्हेज डॉग फूड मिळतं ते मुख्य ठेवा आणि वरून दही, पनीर, उकडलेले सोया चंक्स, चालत असेल तर अंडं.

सहावं: मधला मार्ग, जो मी बहुतेकांना सांगते

परवडेल ती कम्प्लीट लिहिलेली मधल्या रेंजची पिशवी मुख्य, आणि त्यावर घरातलं थोडं. थोडं म्हणजे दिवसाच्या कॅलरीच्या दहा टक्क्यांपर्यंत, १० किलोवाल्याला ६० कॅलरी. तेवढ्याने पिशवीचा बॅलन्स बिघडत नाही. उकडलेलं अंडं झालं की ६०-७० तिथेच संपल्या. आणि आता ऐका, एका छोट्या ग्लुकोज बिस्किटात साधारण २०-२५ कॅलरी असतात. चहाबरोबर बाबा दोन देतात, शाळेतून आलेली मुलगी एक देते, वॉचमनकाका खाली दोन देतात, झालं, शंभरच्या वर गेलो आणि सगळा मैदा नि साखर. तूप लावलेली एक पोळी पण शंभरच्या पुढेच. कुत्र्याला बक्षीस हवं असतं, केवढं आहे त्याचं त्याला काही नसतं, गाजराचा किंवा काकडीचा तुकडा द्या, आमचा बंडू तर सोललेल्या दुधीच्या सालीसाठी किचनच्या दारात ठिय्या मारतो.

दहा टक्क्यांच्या वर जाऊन अर्धं-अर्धं करायचं असेल तरी हरकत नाही, तेवढे दाणे कमी करा आणि घरच्या अर्ध्या भागाला टरफलाची पूड लावा. सगळ्यात वाईट म्हणजे पूर्ण दाणे अधिक पूर्ण घरचं, जे प्रेमापोटी जवळजवळ प्रत्येक घरात चालतं.

मोजायला कप वापरू नका. जो काही किचनचा छोटा डिजिटल काटा मिळतो तो घ्या, कपाने दरवेळी वीस-तीस ग्रॅम जास्तच पडतात आणि महिन्याची पिशवी पंचवीस दिवसांत संपते ती तिथेच.

हे घालायचं नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी

कांदा आणि लसूण, कच्चा, शिजलेला, पावडर, कसाही. रक्तातल्या लाल पेशी फुटतात आणि लक्षणं तीन-चार दिवसांनी दिसतात, हिरड्या पांढुरक्या, लघवी गडद. त्यामुळे आमटी, रस्सा, बिर्याणीतलं चिकन धुवून वगैरे द्यायचं नाही, रस त्यात मुरलेला असतो. वडापाव तर नाहीच, आत लसूण आणि वर लसणीची चटणी.

द्राक्षं, मनुका, बेदाणे. ह्याने किडनी जाऊ शकते आणि कुठल्या कुत्र्याला कितीने होईल ते सांगता येत नाही. गणपतीत प्रसादाचा शिरा, दिवाळीत बेसनाचे लाडू आणि चिवडा, सगळ्यात बेदाणे, आणि पाहुण्यांना वाटतं एक लाडू दिला तर काय होतंय. चॉकलेट, कॉफी, दारू हे बहुतेकांना माहिती असतं. शुगर फ्री च्युइंगम आणि काही पीनट बटरमधलं झायलिटॉल, म्हणजे साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ, कमी लोकांना माहिती असतो, त्याने तासाभरात रक्तातली साखर कोसळते.

शिजलेली हाडं नाहीत. तुटताना टोकदार तुकडे होतात. घरात तुम्ही सांभाळाल पण फिरायला नेताना चायनीजच्या गाडीच्या मागे काय पडलेलं असतं ते बघून पट्टा आखूड धरा. पावसाळ्यात कणीस खाऊन फेकलेला मधला दांडा आणि मे महिन्यात आंब्याची कोय, ह्या दोन गोष्टी कुत्रे गिळतात आणि आतड्यात अडकून सरळ ऑपरेशनवर प्रकरण जातं, आणि मग वर्षभर खाण्यात वाचवलेले पैसे एका दिवसात जातात.

खाल्लंच चुकून तर इंटरनेटवरचे घरगुती उपाय करत बसू नका, मीठ पाजून उलटी तर अजिबात नाही, रॅपर किंवा उरलेला तुकडा बरोबर घेऊन वेट गाठा. परळचं बैलघोडा हॉस्पिटल, म्हणजे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट, खाजगी क्लिनिक परवडत नाही त्यांना माहितीच आहे, आणि २०२४ पासून महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं स्मॉल ॲनिमल हॉस्पिटलपण सुरू झालंय. आपल्या घराजवळचं रात्री कोण उघडं असतं ते आजच विचारून नंबर सेव्ह करून ठेवा.

ठेवायचं कसं

दाणे पिशवीतच राहू द्या आणि ती पिशवी घट्ट झाकणाच्या डब्यात, म्हणजे बॅच नंबर आणि एक्सपायरीपण जपली जाते आणि डब्याच्या भिंतीला चिकटलेलं जुनं तेल नव्या दाण्यांना लागत नाही. गॅसच्या किंवा खिडकीच्या बाजूला नको. जुलैत दाणे मऊ पडले किंवा खवट वास आला तर टाका. घरचं शिजवलेलं फ्रीजमधे तीन दिवस, बाकी फ्रीझरमधे एकेका दिवसाचे डबे. ताटली अर्ध्या तासाने उचला, नाहीतर मुंग्या, झुरळं आहेतच. मुंग्या फारच असतील तर परातीत थोडं पाणी घालून मधे ताटली ठेवा. पाणी मात्र दिवसभर भरलेलं.

बदलताना

नवी पिशवी आणली आणि त्याच रात्री पूर्ण ती घातली की सकाळी जुलाब, आणि मग लोक म्हणतात ह्याला हा ब्रँड सूट होत नाही. पहिले दोन-तीन दिवस पाव भाग नवं, मग दोन-तीन दिवस अर्धं, मग पाऊण, आठवड्या-दहा दिवसांत पूर्ण. पोट नाजूक असेल तर आणखी सावकाश. पिल्लाला दिवसातून चार वेळा, चार महिन्यांच्या आसपास तीन आणि सहा महिन्यांनंतर दोन वेळा पुरे.

मग महिनाभर तेच ठेवा, रोज नवीन काही ट्राय करू नका. शी घट्ट, उचलली तर खाली डाग न राहणारी, केस चमकदार, खाज नाही, वजन जागेवर, एवढं असेल तर तुमची पिशवी बरोबर आहे, मग ती दुकानातली सगळ्यात स्वस्त का असेना. सतत कान खाजवतोय किंवा पंजे चाटतोय, गॅस फार होतोय, सारखं पोट बिघडतंय असं असेल तर पिशवी बदलत सुटण्याआधी वेटला दाखवा, बऱ्याचदा जंत किंवा गोचिड्या निघतात आणि खाण्याचा काही संबंध नसतो. किडनी, पॅनक्रियाज, डायबेटिसचं निदान झालं असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवून डॉक्टर सांगतील तेच घालायचं. जाताना पिशवीच्या मागच्या बाजूचा फोटो, दिवसाला किती ग्रॅम घालता तो आकडा आणि बिस्किटं धरून बाकी काय काय जातं त्याची खरी यादी मोबाईलमधे घेऊन जा, बाबांनी चहाबरोबर दिलेल्यासकट.